पीएसपी-३००० मध्ये १२०० ऐवजी ३६०० एमएएचची बॅटरी घातल्याने खरोखर तिप्पट वेळ मिळतो का?

प्रश्न : वाळवंटीकाठ, साखळी

माझ्याकडे सोनीचे पीएसपी-३००० हे हातात धरून खेळायचे यंत्र आहे. माझा मामेभाऊ बोटीवर नोकरीला होता, त्याने ते २००९ साली आणून दिले होते. मधली बरीच वर्षे ते कपाटात पडून राहिले. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाने ते शोधून काढले आणि आता साखळी ते पणजी या रोजच्या बसप्रवासात मुलापेक्षा मीच त्यावर अधिक खेळतो, हे कबूल करायला हरकत नाही. पडदा, कळा, डिस्कचा कप्पा, सारे काही व्यवस्थित चालते. अडचण आहे ती केवळ बॅटरीची.

मूळची बॅटरी १२०० एमएएचची (मिलिअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज साठते त्याचे माप) होती आणि वयोमानाने ती पाऊण तासात संपू लागली होती. म्हणून एका दुकानातून मी तेवढ्याच क्षमतेची, पण मूळ कंपनीची नसलेली बॅटरी आणली. ती गेल्या पावसाळ्यात इतकी फुगली की मागचे झाकण आपोआप वर उचलले गेले. त्यानंतर ऑनलाइन ३६०० एमएएच असे ठळक अक्षरांत छापलेली एक बॅटरी मागवली. ती जुन्या झाकणाखाली नीट बसली, याचा मला आनंदच झाला होता. परंतु प्रत्यक्षात ती एक तास पन्नास मिनिटेच चालते, आणि पडद्यावर चाळीस टक्के शिल्लक दिसत असताना यंत्र अचानक बंद पडते. विक्रेत्याला विचारले असता त्याने सांगितले की, पीएसपी १२०० एमएएच भरले की चार्जिंग थांबवते, त्यामुळे यंत्राला नव्या बॅटरीची सवय होईपर्यंत ती चार-पाच वेळा पूर्ण उतरवून पूर्ण भरावी. मी तसे सात वेळा केले. फरक पडला नाही.

हे स्पष्टीकरण खरे आहे का, अधिक क्षमतेची बॅटरी घातल्याने यंत्राला काही अपाय होतो का, आणि या यंत्रासाठी खरोखर अधिक क्षमतेची बॅटरी अस्तित्वात आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. फुगलेली बॅटरी अजून टेबलाच्या खणातच आहे. तिचे काय करावे, हेही समजत नाही.

उत्तर : जुनी यंत्रे, म्हापसा

सर्वप्रथम ती फुगलेली बॅटरी खणातून बाहेर काढा. बाकीचे उत्तर नंतर वाचलेत तरी चालेल. फुगवटा म्हणजे आतील द्रावणाचे विघटन होऊन तयार झालेला वायू असतो. ती दाबू नये, टोचू नये आणि ‘एकदा पाहू या’ म्हणून चार्जिंगला तर मुळीच लावू नये. तिच्या धातूच्या टोकांवर विजेच्या कामाची चिकटपट्टी लावा, ती कोरड्या रेतीसह एखाद्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, झाकण घट्ट न लावता नुसते वर टेकवा आणि तो डबा घराबाहेर, पाऊस लागणार नाही आणि आसपास लाकूड-कागद नसेल अशा जागी ठेवा.

आता आपल्या विक्रेत्याच्या स्पष्टीकरणाकडे वळतो. मी गेली वीस वर्षे म्हापशात दुरुस्तीचे काम करतो आणि ‘यंत्राला सवय होऊ द्या’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा उगमही सांगू शकतो. पूर्वीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या अर्धवट वापरून वारंवार भरल्यास त्यांची उपयुक्त क्षमता कमी होत असे, म्हणून त्या अधूनमधून पूर्ण उतरवाव्या लागत. पीएसपीची बॅटरी पहिल्या मॉडेलपासून लिथियम-आयन आहे, आणि तिला वारंवार तळापर्यंत उतरवणे हे उलट तिचे आयुष्य कमी करणे आहे.

यंत्र १२०० एमएएच मोजून थांबते, हेही खरे नाही. लिथियम-आयन बॅटरी भरण्याची पद्धत अशी की आधी ठरावीक प्रवाहाने बॅटरी भरली जाते. तिचा दाब ४.२ व्होल्टपर्यंत पोचला की तो दाब तेथेच रोखून धरला जातो, प्रवाह हळूहळू कमी होत जातो आणि तो अगदी अल्प झाला की चार्जिंग बंद होते. या व्यवस्थेला बॅटरीवर छापलेल्या आकड्याशी काही देणेघेणे नसते. तुमची बॅटरी खरोखर ३६०० एमएएचची असती, तर ती पूर्ण भरली असती, फक्त सुमारे तिप्पट वेळ घेऊन. प्रवाह किती द्यायचा हे यंत्रातील चार्जिंगचे सर्किट ठरवते, बॅटरी ते ओढून घेत नाही. त्यामुळे प्रामाणिक अधिक क्षमतेच्या बॅटरीने यंत्राला अपाय होण्याचे कारण नाही. पुष्कळांना वेष्टनावर ३.६ ऐवजी ३.७ व्होल्ट दिसले की भीती वाटते, पण ती एकाच रसायनाची दोन प्रकारे लिहिलेली सरासरी आहे.

खरा प्रश्न आकड्याचा आहे, आणि तो घरबसल्या तपासता येतो. ३६०० एमएएचला ३.६ व्होल्टने गुणले की सुमारे १२.९६ वॉट-तास येतात. चांगल्या प्रतीच्या आधुनिक लिथियम सेलमध्ये दर किलोग्रॅममागे ढोबळमानाने २५० वॉट-तास ऊर्जा मावते. म्हणजे १२.९६ वॉट-तासांसाठी, प्लास्टिकचे कवच आणि आतील लहानशी पट्टी सोडून, नुसत्या सेलचे वजनच ५२ ग्रॅमच्या आसपास हवे. आपली बॅटरी ओळखीच्या सोनाराकडे नेऊन काट्यावर ठेवा. छापखान्यात कोणताही आकडा छापता येतो, वजन मात्र छापता येत नाही.

आकारमानाचेही तसेच आहे. जी बॅटरी मूळच्या झाकणाखाली तंतोतंत बसते, तिच्यात मूळच्या तिप्पट ऊर्जा मावणे शक्य नाही. गेल्या पंधरा वर्षांत सेलची घनता वाढली आहे, हे मान्य. त्यामुळे त्याच खणात १२०० च्या जागी थोडी अधिक क्षमता बसू शकते, पण दुप्पट नाही आणि तिप्पट तर नाहीच. आजच्या मोबाइलमधील ४००० एमएएचची बॅटरी त्याच्या पाठीचा केवढा मोठा भाग व्यापते ते एकदा आठवून पाहावे.

चाळीस टक्क्यांवर यंत्र बंद पडण्याचे कारणही येथेच आहे. पीएसपीच्या बॅटरीत एक छोटी चिप असते आणि किती ऊर्जा शिल्लक आहे हे ती चिप यंत्राला कळवते; पडद्यावरची टक्केवारी म्हणजे त्या चिपने दिलेला जबाब असतो. चिपला खोटी क्षमता शिकवून ठेवली असेल, तर ती ३६०० मधून वजाबाकी करत बसते आणि सेल बिचारा कधीच रिकामा झालेला असतो.

उत्तर : मडगावकर

वरील उत्तराशी सहमत. मी एवढेच सुचवेन की उद्देश बसमध्ये अधिक वेळ खेळण्याचा असेल, तर बॅटरीच्या मागे न लागता पॉवर बँक वापरावी. पीएसपीचा चार्जर ५ व्होल्टचा आहे आणि एका टोकाला यूएसबी व दुसऱ्या टोकाला ४ मिलिमीटरची गोल पिन असलेली वायर सहज मिळते. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत आतील सेलच्या हिशेबाने ३७ वॉट-तास असतात. दाब वाढवताना होणारी घट वजा केली, तरी १२०० एमएएचची बॅटरी पाच-सहा वेळा सहज भरते. रातराणीने पुण्याला जाताना मी हेच करतो. वायर लोंबते आणि शेजारी बसलेला प्रवासी दोनदा तरी विचारतो की हे काय आहे, एवढाच तोटा.

वाळवंटीकाठ, साखळी

दोघांचेही आभार. बॅटरी पत्र्याच्या डब्यात घालून पडवीच्या बाहेर ठेवली आहे.

सोनाराकडे जाऊन आलो. ३६०० छापलेली बॅटरी २६ ग्रॅम भरली, आणि मूळची १२०० एमएएचची बॅटरी तिच्याहून किंचित जडच निघाली. सोनाराने विचारले, हा कोणता जिन्नस; मी म्हणालो, यात कस किती आहे तेच पाहतो आहे.

मडगावकरांनी सांगितलेली गोल पिनेची वायर आणली, आणि मध्ये यूएसबीचा मीटर लावून मोजमापही केले. बॅटरी पूर्ण उतरवून, यंत्र बंद ठेवून, नारिंगी दिवा विझेपर्यंत चार्जिंग केले. मीटरवर १०४० एमएएच आणि ५.२ वॉट-तास असे आकडे आले. याचा अर्थ नेमका कसा लावावा? चार्जिंगमध्ये काही ऊर्जा वाया जात असणार, त्यामुळे हे माप विश्वसनीय मानावे की नाही, असा संभ्रम आहे.

उत्तर : जुनी यंत्रे, म्हापसा

माप उत्तम घेतले आहे, आणि वाया जाणारी ऊर्जा या ठिकाणी आपल्या बाजूने साक्ष देते. मीटरमधून जेवढी ऊर्जा गेली, त्याहून अधिक बॅटरीत जाऊच शकत नाही. जाईल ती कमीच. ५.२ वॉट-तासांपैकी एकही कण वाया गेला नाही असे अशक्य गृहीत धरले, तरी ३.६ ने भागल्यावर कमाल क्षमता सुमारे १४४० एमएएच येते. तूट धरली की खरी क्षमता हजाराच्या आसपास असावी. वजनाचा हिशेबही जुळतो. २६ ग्रॅम हा सगळाच्या सगळा सेल मानला, तरी ६.५ वॉट-तास, म्हणजे १८०० एमएएच ही त्याची वरची मर्यादा. कवच आणि चिप वजा केली की ती आणखी खाली येते.

थोडक्यात, आपल्याकडे १२०० पेक्षाही थोडी कमी क्षमतेची बॅटरी आहे आणि तिच्यावर ३६०० चे लेबल आहे. विक्रेत्याकडे परतीची मुदत शिल्लक असेल, तर काट्यावरचे छायाचित्र आणि मीटरचे छायाचित्र दोन्ही पाठवा. ‘कमी वेळ चालते’ या तक्रारीवर वाद घालता येतो, पण वजनाच्या छायाचित्रावर तो घालणे कठीण जाते.

एक तास पन्नास मिनिटे या वेळेविषयी मात्र एक पृच्छा आहे. आपण डिस्कवरून खेळता की मेमरी स्टिकवरून? यूएमडी, म्हणजे पीएसपीच्या खेळांची डिस्क, फिरवणाऱ्या मोटरला बरीच वीज लागते. पडद्याचा उजेड सर्वांत वरच्या पायरीवर असेल आणि वायफायचा सरकता खटका चालू राहिला असेल, तर हजार एमएएचमध्ये एवढाच वेळ मिळणे स्वाभाविक आहे. उजेड एका पायरीने कमी करून आणि खटका बंद करून पाहा; बॅटरी न बदलताही फरक जाणवेल.

उत्तर : चोडणची फेरी

अधिक क्षमतेची बॅटरी मुळात नसतेच, असा समज या चर्चेतून होऊ नये, म्हणून माझा अनुभव लिहितो. माझ्याकडे पीएसपी-२००० आहे. २००४ साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या पीएसपी-१००० ची बॅटरी १८०० एमएएचची होती. २००७ मध्ये यंत्र बारीक करताना बॅटरीही बारीक करून १२०० वर आणली गेली. दोन्ही बॅटऱ्या विजेच्या दृष्टीने एकमेकींच्या जागी चालतात, परंतु जुनी जाड असल्यामुळे नव्या यंत्राचे झाकण तिच्यावर लागत नाही. बारीक मॉडेलसाठी खुद्द सोनीने २२०० एमएएचची बॅटरी काढली होती, आणि तिच्यासोबत पाठीवर उंचवटा असलेले वेगळे झाकण दिले होते. माझ्या मते हीच खरी कसोटी आहे : ज्या मोठ्या क्षमतेच्या बॅटरीसोबत मोठे झाकण येत नाही, तिच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

मी जुन्या यंत्रातून काढलेली १८०० ची बॅटरी आणि उंच झाकण अशी जोडी तीन वर्षे वापरली. रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहण्यात माझ्या आयुष्याचा मोठा भाग गेलेला असल्याने वाढीव वेळेचा उपयोग नक्कीच झाला. तोटेही सांगतो. पाठीचा उंचवटा एका हाताच्या बोटांखाली येतो आणि तासाभराने बोटे अवघडतात, यंत्र एका बाजूला जड लागते, आणि नेहमीच्या कडक पेटीत ते मावत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की सोनीने २०१४ मध्ये पीएसपीची विक्री आवरती घेतली, त्यामुळे आज ‘मूळ कंपनीची, सीलबंद’ म्हणून जी बॅटरी मिळेल, ती एकतर दहा-बारा वर्षे गोदामात पडलेली असेल किंवा मूळ कंपनीची नसेल. लिथियम सेल न वापरताही वृद्ध होतो; पडून राहून त्याचा दाब फार खाली गेला की तो पुन्हा सुरक्षितपणे भरण्याजोगा राहत नाही. माझी १८०० ची बॅटरीही शेवटी नव्या १२०० पेक्षा कमी चालू लागली, आणि मी गुपचूप बारीक झाकण पुन्हा लावले.

या बाबतीत निन्टेंडो थ्रीडीएसवाल्यांचा मला हेवा वाटतो. त्या यंत्राची १३०० एमएएचची बॅटरी पुढे निन्टेंडोच्याच स्विच या यंत्राच्या प्रो कंट्रोलरमध्येही वापरली गेली, त्यामुळे यंत्र बंद होऊनही ती बॅटरी नव्याने तयार होत राहिली. पीएसपीच्या नशिबी असा वारस आला नाही.

उत्तर : कुळागर, फोंडा

मोबाइलचा नवा सेल काढून पीएसपीच्या जुन्या बॅटरीच्या कवचात बसवता येईल का? माझ्याकडे सोल्डरिंगचे सामान आहे आणि थोडाफार सराव आहे.

उत्तर : जुनी यंत्रे, म्हापसा

कुळागर, मी स्वतः हे घरी करू नये असेच सांगेन, आणि त्याची कारणे देतो. सेलच्या पत्तीला सोल्डरचा ताप थेट लागला की आतील पातळ पडद्याला इजा होऊ शकते. कारखान्यात ही जोडणी क्षणभराच्या स्पॉट वेल्डिंगने करतात, ती याचसाठी. दुसरे असे की मोबाइलचे हल्लीचे पुष्कळ सेल ४.३५ किंवा ४.४ व्होल्टपर्यंत भरण्यासाठी बनवलेले असतात, पीएसपी ४.२ वर थांबते, त्यामुळे त्यांची छापील क्षमता येथे पूर्ण मिळतच नाही. याच्या उलट प्रकार, म्हणजे जुना ४.२ चा सेल अधिक दाबाच्या यंत्रात घालणे, हा तर सरळ धोका आहे. तिसरे, नवा सेल जोडला तरी जुन्या चिपच्या डोक्यात जुनाच हिशेब राहतो आणि टक्केवारीचा गोंधळ तसाच उरतो. एवढे करून खणाची जागा तेवढीच आहे, हे आपण वर पाहिलेच.

वाळवंटीकाठ यांनी आता नवी बॅटरी घेताना मोठ्या आकड्याकडे पाहू नये. १२०० एमएएच असा साधा, खरा वाटणारा आकडा, उत्पादनाचा अलीकडचा महिना-वर्ष, आणि भारतीय मानक ब्युरोचे आयएस १६०४६ हे चिन्ह व त्याखालचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, एवढे वेष्टनावर शोधावे. तो क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये घालून पाहता येतो. चिन्ह छापलेले आहे आणि क्रमांक मात्र दुसऱ्याच वस्तूचा निघतो, असेही मी पाहिले आहे, म्हणून तपासण्याचा कंटाळा करू नये.

बॅटरी आल्यावर ती बसवण्यापूर्वी यंत्रातील धातूच्या पट्ट्या पाहाव्यात. आपल्या खाऱ्या, दमट हवेत त्यांच्यावर हिरवट थर चढतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो पुसून टाकावा. यंत्र महिनोन् महिने वापरायचे नसेल, तर बॅटरी साधारण निम्मी भरलेली असताना बाहेर काढून थंड, कोरड्या जागी ठेवावी. पूर्ण भरलेली बॅटरी मे महिन्यात बंद गाडीत ठेवणे हा तिला लवकर म्हातारी करण्याचा खात्रीचा उपाय आहे. आणि ओल शोषण्यासाठी यंत्र तांदळाच्या डब्यात ठेवण्याची जी पद्धत आपल्याकडे पडली आहे, तिने ओल फारशी जात नाही, तांदळाचा भुसा मात्र कळांत शिरतो. सिलिका जेलच्या पुड्या वापराव्यात.

फुगलेल्या बॅटरीविषयी : ती ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात, कोणत्याही पिशवीत, देऊ नये. कचरा दाबणाऱ्या गाडीत ती चिरडली गेली तर आग लागू शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या काढून देण्याची जबाबदारी आपल्यावरही आहे. आपल्या पालिकेत ई-कचरा कोण स्वीकारतो ते विचारून, त्या माणसाला ‘ही फुगलेली आहे’ असे स्पष्ट सांगून हातात द्यावी.

वाळवंटीकाठ, साखळी

सर्वांना देव बरे करो. विक्रेत्याला दोन्ही छायाचित्रे पाठवली. ‘सवय’ हा शब्द पुन्हा न उच्चारता त्याने पैसे परत केले. बॅटरी परत मागितली नाही, यावरूनच तिची किंमत कळते.

उजेड एका पायरीने उतरवला, वायफायचा खटका बंद केला आणि खेळ मेमरी स्टिकवर घेतला, तेव्हा त्याच खोट्या बॅटरीवर दोन तास पस्तीस मिनिटे मिळाली. वायफाय गेली दोन वर्षे चालूच होते, हे मुलाने हसत हसत दाखवून दिले. आता १२०० एमएएचची, नोंदणी क्रमांक जुळलेली बॅटरी मागवली आहे. ती आली की तीही सोनाराच्या काट्यावर चढेल, त्याला तसे सांगून ठेवले आहे. पत्र्याचा डबा सोमवारी पालिकेत घेऊन जातो.

चोडणची फेरी यांना एक विनंती : ते उंच झाकण आपल्याकडे अजून असेल आणि नको असेल, तर कळवावे. चवथीला सगळे भाऊ एकत्र येतात तेव्हा एकजण पीएसपी-२००० घेऊन येतो, आणि त्याच्या यंत्राला झाकणच नाही. रबर बँड लावून चालवतो.

उत्तर : चोडणची फेरी

आहे. काळ्या रंगाचे, एका कोपऱ्याला बारीक चीर गेलेली, पण खाच शाबूत आहे. मात्र त्यांची बॅटरी बारीक असेल तर उंच झाकणाखाली ती हलेल आणि धक्का बसला की यंत्र बंद पडेल. आधी बॅटरीची जाडी मोजून कळवा; बारीक असेल तर माझ्याकडे एक जादा बारीक झाकण आहे, तेच पाठवतो.